आतला नंबर

नाशिक
१८ नोव्हेंबर २००३

सुवर्णा,

आधी वर 'अनेक आशीर्वाद' असं लिहिलं होतं. मग तो कागद बाजूला ठेवून हा नवा घेतला. तुला आशीर्वाद देण्याची माझी लायकी आहे का, हे पत्र वाचून तूच ठरव. मी गोविंद गायधनी, दहीपुलाजवळचा रेडिओवाला. तुझ्या वडिलांच्या खटल्यात साक्ष दिली तो.

तुझा पत्ता मखमलाबादला जाऊन मिळवला. तुमच्या जुन्या मळ्याशेजारचे सहादू आधी बोलायलाच तयार नव्हते. शेवटी म्हणाले, "पोरगी दिंडोरीकडं सरकारी दवाखान्यात नर्स हाय. आई तिच्यापाशीच राहती. पण तुमचं काय काम आता?" मी म्हणालो, आहे थोडं.

काम असं. मागच्या आठवड्यात जुन्या वस्तूंचा एक मुंबईचा व्यापारी दुकानी आला. असे लोक अजून येतात. दुरुस्तीचं काम तसं संपल्यातच जमा आहे. रेडिओ बिघडला की लोक फेकतात, टेप फेकतात, आता टीव्हीही फेकायला लागलेत. पण जुना ग्रामोफोन किंवा व्हॉल्व्हचा रेडिओ नंबरावरून कोणत्या सालचा ते सांगणारा इकडे मीच उरलोय. कंपन्यांची सूचीपत्रं, दुकानदारांची पिवळी पडलेली बिलं, रेडिओला पोस्टातून लायसन्स लागायचं तेव्हाची पुस्तकं, असं जमवत जमवत कुठल्या वर्षी कुठल्या आकड्यापासून कुठल्या आकड्यापर्यंत यंत्रं बाहेर पडली, ते मी चाळीस वर्षं वहीत उतरवत आलो. तू लहानपणी देवरामबरोबर फुलांची पाटी घेऊन दुकानी यायचीस. एकदा ती वही बघून विचारलं होतंस, "काका, हे सगळं पाठ आहे तुम्हाला?" मी हो म्हणालो होतो.

व्यापाऱ्याने टेबलावर ठेवायचा विलायती ग्रामोफोन आणला होता, सागवानी पेटीचा. मी नंबराच्या पाटीवरची धूळ पुसली. त्रेसष्ट हजार चारशे सतरा.

हा आकडा तू विसरली नसशील. गंगापूर रोडच्या डॉक्टरांकडून त्र्याण्णवच्या जानेवारीत जो ग्रामोफोन चोरीला गेला त्याचा हा नंबर. डॉक्टरांच्या वडिलांनी १९३६ साली तो घेतला त्याचं बिल कोर्टात होतं. आणि तुमच्या घरी पोलिसांना सापडला त्या ग्रामोफोनवर हाच नंबर आहे, असं मी शपथेवर सांगितलं होतं.

एका नंबराची दोन यंत्रं नसतात. कुठेतरी घोटाळा आहे. कदाचित कुणीतरी पाटी बदलली असेल. मी शोध घेतोय. मी कोर्टात जे बोललो ते पाटीवर दिसत होतं तेच बोललो, एवढं मात्र नक्की.

नवसाबाईंची तब्येत कशी असते?

गोविंद गायधनी


नाशिक
१० डिसेंबर २००३

सुवर्णा,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चाललो नव्हतो.

काल डॉक्टरांकडे गेलो होतो. खटला संपल्यावर कोर्टाने तुमच्याकडचा ग्रामोफोन त्यांच्या ताब्यात दिला, तो त्यांनी दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवलाय. शेजारी त्यांच्या आईचा, गोदावरीबाईंचा, हार घातलेला फोटो. चोरांनी ढकलल्यावर त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि तीन आठवड्यांत त्या गेल्या, हे सगळं तुला माहीतच आहे.

मी म्हणालो, "डॉक्टर, मला हे एकदा उघडून बघायचंय."

"कशाला? तुम्हीच तर ओळखलंत ना हे?"

"म्हणूनच."

त्यांनी कपाट उघडून दिलं. वरची फळी चार स्क्रूंवर असते. ती उचलली की खाली मोटर दिसते आणि मोटरच्या अंगावर तोच नंबर ठोकलेला असतो. पाटी बाहेर असते, हात लागून लागून झिजते, कुणी काढून दुसरी बसवू शकतं. मोटरवरचा नंबर कुणी पुसत नाही, कारण तिथे कुणाचा हात जात नाही. स्क्रू गंजले होते. रॉकेल सोडून तासभर थांबलो, तेव्हा कुठे सुटले.

अडुसष्ट हजार चारशे सतरा.

दुसरा आकडा आठ आहे, सुवर्णा. पाटीवर त्या आठाची डावी बाजू झिजलेली होती, म्हणून तीन दिसला. व्यापाऱ्याच्या यंत्रात मात्र आतही त्रेसष्टच निघाला, म्हणजे चोरीला गेलेलं यंत्र ते. आता वहीप्रमाणे सांगतो. त्रेसष्ट हजारांची यंत्रं १९३५-३६ सालची. अडुसष्ट हजार सुरू झाले ते १९३८ मध्ये. डॉक्टरांच्या वडिलांनी १९३६ साली विकत घेतलेलं यंत्र १९३८ साली बनलेलं कसं असेल?

देवराम म्हणत होता ते सगळं जुळतं. त्याचे वडील देवळालीच्या कॅम्पात गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होते, साहेब परत जाताना त्याने हा ग्रामोफोन त्यांना देऊन टाकला. त्यांनी तो इगतपुरीला रेल्वे क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बहिणीला दिला. ती आत्या वारली म्हणून देवरामने तो गोणपाटात गुंडाळून घरी आणला. त्याचं नशीब असं की नेमका चोरीनंतर महिन्याभराने आणला. आत्याला मूलबाळ नाही, शेजारपाजारचे बदलून गेलेले. खरं सांगणारं कुणी उरलंच नव्हतं.

मी फळी परत बसवली आणि डॉक्टरांना नंबर सांगितला.  ते म्हणाले, "गोविंदराव, आई गेली. तो माणूसही आत गेला. आता हे उघडून तुम्ही काय मिळवलंत?" आणि थोड्या वेळाने, "हे घेऊन जा इथून. मला डोळ्यांसमोर नको."

ग्रामोफोन माझ्या दुकानात आहे. तो तुमचा आहे. सांगशील तेव्हा पोचवतो.

आठाचा तीन वाचला गेला. माझी चूक झाली, सुवर्णा. पोलीस चौकीतला उजेड कमी होता, आणि तेव्हा माझा मोतीबिंदूही सुरू झाला असावा. झाली ती चूकच, पण चूक माणसाकडून होते.

गोविंद गायधनी


नाशिक
११ जानेवारी २००४

सुवर्णा,

मागच्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं मागे घेतो. मोतीबिंदू मला दोन हजार साली झाला. चौकीत भरपूर उजेड होता, सकाळचे अकरा वाजले होते.

काय घडलं ते सांगतो. तूही कुणाकडून ऐकलं नसशील, कारण तिथे हजर होते त्यांतलं कुणी नंतर बोललं नाही.

त्र्याण्णवचा मार्च होता. त्याच्या महिनाभर आधी एका वर्तमानपत्राने माझ्यावर अर्धं पान छापलं होतं, 'नंबरावरून यंत्राचं वय सांगणारा नाशिककर' म्हणून. ते कात्रण मी काउंटरच्या काचेखाली ठेवलं होतं. फौजदारांनी ते वाचूनच मला बोलावलं. टेबलावर ग्रामोफोन होता. डॉक्टरांचा मुलगा, दोन पंच, एक बातमीदार असे उभे होते. देवराम कोपऱ्यात खाली बसला होता. पंधरा वर्षं हा माणूस रोज सकाळी माझ्या घरी देवाला फुलं घालत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. यंत्राकडे पाहिलं.

पाटीवरून अंगठा फिरवला आणि मोठ्याने म्हणालो, "त्रेसष्ट चारशे सतरा." मिनिटही लागलं नसेल. बातमीदार म्हणाला, "वा!" डॉक्टरांच्या मुलाने बिल पुढे केलं. तोच आकडा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते मला आवडलं. हे लिहायला मला दहा वर्षं लागली.

तेवढ्यात कोपऱ्यातून देवराम म्हणाला, "काका, उघडून बघा की. तुम्हीच म्हनता ना, पाटीवर जाऊ नका, आतला नंबर खरा. इस्क्रू गंजलेत, पन निघतील."

मी हे वाक्य गिऱ्हाइकांना हजार वेळा ऐकवलेलं. फुलं देता देता त्याने ते ऐकलं होतं आणि लक्षात ठेवलं होतं.

मी वाकलो. स्क्रूला नख लावलं. तेव्हाच तबकडीजवळचा ब्रेक दिसला. गाणं संपलं की यंत्र आपोआप थांबवणारा ब्रेक. छत्तीस सालच्या यंत्राला तो नसतो, तो नंतर आला. मला ते दिसलं, सुवर्णा. मनात आलं, कुणीतरी मागाहून बसवला असेल. आणि लगेच दुसरं आलं, उघडलं आणि वेगळाच नंबर निघाला तर? आत्ताच सगळ्यांसमोर छातीठोक सांगून बसलोय.

फौजदारांनी विचारलं, "उघडायचंय का?"

मी म्हणालो, "गरज नाही."

कोर्टात तुझ्या वडिलांना सरकारने दिलेला वकील होता, नवखा. त्याने मला एकच बरा प्रश्न विचारला. "आपण यंत्र उघडून आतला नंबर तपासला का?"

मी म्हणालो, "हो."

"तोच नंबर होता?"

"हो."

ग्रामोफोन तिथेच टेबलावर होता. चारही स्क्रूंवर गंज तसाच होता, कुठे पेचकस लागल्याचा ओरखडासुद्धा नव्हता. कुणीही दोन पावलं पुढे येऊन बघितलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं. कुणी आलं नाही. चोरीतले दागिने सापडले नाहीत, व्हीसीआर सापडला नाही, देवरामला चोरीच्या वेळी त्या घराच्या आसपास पाहणारा कुणी मिळाला नाही. पुरावा एवढाच, की तो तिथे रोज फुलं द्यायचा आणि हा ग्रामोफोन. दहा वर्षांची शिक्षा माझ्या दोन 'हो'वर झाली.

देवराम ओरडला नाही. माझ्याकडे बघत राहिला. साक्ष संपवून मी त्याच्या समोरून गेलो तेव्हा हळूच म्हणाला, "काका, काकूंना सांगा, उद्यापासनं फुलं नाय येनार."

घरी काकूला मी सांगितलं.  तेव्हापासून तिने कुणाकडूनच फुलं घेतली नाहीत. देवाला तुळस वाहायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिला कळलं होतं की नव्हतं, हे मी कधी विचारू शकलो नाही.

अठ्ठ्याण्णव साली देवराम तुरुंगातच आजारी पडून गेला, हे मी पेपरात वाचलं. चार ओळी होत्या. त्या दिवशीही मी दुकान उघडलं होतं.

गोविंद


नाशिक
९ फेब्रुवारी २००४

सुवर्णा,

मी वकिलांना भेटलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "माणूस हयात नाही, अपिलाची मुदत संपून वर्षं झाली. तुमच्या या कागदाने त्याचं काही होणार नाही. झालंच तर तुमच्यावर खोट्या साक्षीचा खटला होईल."

"होऊ दे," म्हणालो.

आल्हादचा, माझ्या मुलाचा, पुण्याहून फोन आला. "बाबा, आता या वयात? कुणाला हवंय हे?" मी म्हणालो, मला हवंय. तो म्हणाला, "म्हणजे स्वतःसाठीच करताय ना?"  

तरी प्रतिज्ञापत्र केलं. एक प्रत कोर्टात दिली, एक पोलिसांत. दोन्हीकडे शिक्का मारून घेतला, कुणी वर मानही केली नाही. म्हणून काल त्याच वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो, ज्यांनी माझं अर्धं पान छापलं होतं. संपादकांना सगळं सांगितलं. देवराम विधाते निर्दोष होता, हे ते या आठवड्यात छापणार आहेत, माझ्या नावासकट. ज्या गावाने तुम्हाला वाळीत टाकल्यासारखं वागवलं, तुझं ठरलेलं लग्न मोडलं, त्या गावाला हे वाचू दे.

नवसाबाईंना पेपर वाचून दाखव. त्यांच्या जिवाला तेवढंच बरं वाटेल.

गोविंद


दिंडोरी
१० फेब्रुवारी २००४

गायधनी काका,

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. पहिली दोन चुलीत घातली. तिसरं दवाखान्यात कपाटात ठेवलंय, घरी नेलं नाही.

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुम्ही आता काहीतरी करायला जाल अशी भीती वाटते, म्हणून लिहिते. एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही.

बाबांना पकडून नेलं तेव्हा आई दोन दिवस चौकीसमोर बसून होती. उन्हात, पाण्याशिवाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माझा माणूस तसला नाय. मामा म्हणाले, अगं, ते यंत्र त्यानं चोरीनंतर आणलं, गोणपाटात लपवून. तर ती मामांच्या अंगावर धावून गेली. अख्ख्या गावाशी भांडली.

तुमच्या साक्षीच्या दिवशी ती कोर्टात होती. शेवटच्या बाकावर. तुम्ही तिला पाहिलं नसेल. घरी आल्यावर ती पायरीवरच बसली आणि मला म्हणाली, "गायधनी काका देवमानूस हाय. त्यांना काय पडलंय खोटं बोलायचं? आत उघडून बघितलं म्हनले. म्हंजी यानंच केलं. त्या म्हातारीला यानंच ढकललं."

त्या दिवसापासून ती बाबांना एकदाही भेटायला गेली नाही. त्यानंतर चार वर्षं ते तुरुंगात होते. दर महिन्याला त्यांचं पत्र यायचं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. ती मला वाचू द्यायची नाही. मी दोनदा चोरून गेले. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, "आई न्हाई आली?" मी म्हणाले, तिला बरं नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "अजून बरं न्हाई?"

ते गेल्याचा निरोप आला तेव्हा आई म्हणाली, "मला न्यायचं नाय तिथं." मी एकटी गेले. एकवीस वर्षांची होते. अग्नी मी दिला.

काका, माझी आई या एकाच गोष्टीवर उभी आहे, की नवरा वाईट निघाला आणि तिने त्याला सोडलं ते बरोबर केलं. तुम्ही आता ते काढून घेऊ नका. मला खरं कळलं, तेवढं पुरे. मला ते आधीपासून माहीत होतं. तुम्ही कोर्टात जाऊ नका, पेपरात जाऊ नका. आईला यातलं काहीही कळता कामा नये. ती बासष्ट वर्षांची आहे. तिला असंच जाऊ द्या.

ग्रामोफोन आणू नका. विका, ठेवा, नदीत टाका.

सुवर्णा देवराम विधाते


नाशिक
१४ फेब्रुवारी २००४

सुवर्णा,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. बातमी आज सकाळीच आली आहे. तिसऱ्या पानावर, वरच.

मी लगेच कचेरीत गेलो. संपादक म्हणाले, छापलेलं परत घेता येत नाही. दिंडोरीला किती अंक जातात विचारलं. साठ. स्टँडवर येऊन दिंडोरीची गाडी धरली, म्हटलं जेवढे उरले असतील तेवढे विकत घेऊ. तिथल्या पेपरवाल्याकडे सहा उरले होते. सहाच.

दवाखान्याच्या फाटकापर्यंत आलो होतो. आत यायचा धीर झाला नाही.

गोविंद


दिंडोरी
२५ एप्रिल २००४

गायधनी काका,

दोन महिने लिहायला सुचत नव्हतं. आता लिहिते, कारण तुमच्याकडे काम आहे.

बातमी आली त्या दिवशी मी ड्युटीवर होते. शेजारच्या चिमणाबाई चौथी शिकल्यात. त्या पेपर घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, आपण चांगली खबर देतोय. ओट्यावरूनच ओरडल्या म्हणे, "नवसाबाई, तुझा धनी निर्दोष व्हता गं! पेपरात आलंय!" आणि बोट ठेवून सगळं वाचलं. आईने पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. चिमणाबाई मला सांगत होत्या, "ती रडलीबी नाय. मला म्हनली, चहा घेऊन जा."

मी संध्याकाळी घरी आले तर भाकरी झालेल्या होत्या, कांदा चिरलेला होता. मी काही बोलणार तोच ती म्हणाली, "तुला कधी कळलं?" मी म्हणाले, महिना झाला. तिने मान हलवली. जेवण झाल्यावर भांडी घासता घासता म्हणाली, "सुवर्णा, जेलात मुलाखतीचा वार कुठला असतो?"

मला वाटलं तिला भ्रम झाला. म्हटलं, आई, बाबा गेले. ती म्हणाली, "मला ठावं हाय. येडी नाय झाले मी. वार सांग."

गुरुवार, मी सांगितलं.

त्या आठवड्यापासून दर गुरुवारी ती पहाटे उठते. दोन भाकरी आणि बाबांना आवडायची तशी लसणाची चटणी डब्यात भरते. एसटीने नाशिक, तिथून नाशिकरोडची सिटी बस. तुरुंगाच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे एक लिंबाचं झाड आहे, त्याखाली बसते. मुलाखतीची वेळ संपली की उठते. मी हात जोडले, भांडले, दाराला कुलूप लावून बघितलं. ती एवढंच म्हणते, "जितक्या येळा गेले नाय, तितक्या येळा जानार. आडवू नको."

मागच्या दोन गुरुवारी तिला परतीची गाडी समजली नाही. एकदा ती पेठच्या गाडीत बसली, अर्ध्या वाटेत उतरवलं. एकदा ऊन लागून स्टँडवर पडली. कुणीतरी पाणी पाजलं.

मला गुरुवारी लसीकरण असतं, रजा मिळत नाही. इथे दुसरं कुणी नाही. तुम्ही नाशकात आहात. तुमचं दुकान तसंही चालत नाही, असं तुम्हीच लिहिलंय.

दर गुरुवारी दुपारी तिथे जा. वेळ संपली की तिला जुन्या सीबीएस स्टँडला घेऊन या आणि दिंडोरीच्या गाडीत बसवून द्या. पाटी नीट वाचून. तिच्याशी बोलायची गरज नाही. माफी वगैरे मागू नका, ती तिच्या काही कामाची नाही. ती ओळखेल तुम्हाला. काही बोलली तर ऐकून घ्या.

मी तुम्हाला क्षमा केली असं समजू नका. मला दुसरा इलाज नाही.

सुवर्णा


नाशिक
६ मे २००४, गुरुवार

सुवर्णा,

मागच्या गुरुवारी पोचलो तेव्हा त्या निघून गेल्या होत्या, मला उशीर झाला. नंतर चौकशी केली तेव्हा सुखरूप पोचल्याचं कळलं. आज अकरालाच जाऊन बसलो.

त्या साडेअकराला आल्या. हिरवं लुगडं होतं, हातात कापडी पिशवी. मी उठून उभा राहिलो. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गायधनी ना तुमी?"

"हो."

"म्हातारे झालात."

झाडाखाली बसल्या. मी थोडं अंतर ठेवून बसलो. रस्त्यावर ट्रक चालले होते. फाटकाशी बायका रांगेत उभ्या होत्या, कुणाकुणाच्या कडेवर पोरं. तासभर त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही, तू सांगितल्याप्रमाणे.

मग समोर बघतच म्हणाल्या, "सुवर्णी तुमाला लय बोलली असंल."

"बरोबर बोलली ती."

"माझा तुमच्यावर राग नाय. तुमी परके. परका मानूस काय बी बोलंल." जरा थांबल्या. "मी घरची व्हते. पंचवीस वर्सं त्याच्या ताटात जेवले. मला तुमच्या तोंडाकडं बघायची काय गरज व्हती? त्याच्या तोंडाकडं बघायला पायजे व्हतं. त्यानं मला कोर्टात लांबनं बघितलं बी व्हतं. मीच मान फिरिवली."

 त्यांनी डबा उघडला, एक भाकरी माझ्यापुढे केली. मी नको म्हणालो. "खावा. परत न्यायची नसती." मी खाल्ली. चटणी तिखट होती, डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायचं निमित्त झालं.

अडीचला मुलाखतीची वेळ संपली. रांगेतल्या बायका पांगल्या. मी म्हणालो, "वहिनी, निघू या, गाडी आहे." त्या उठल्या नाहीत.

"एक काम करा," म्हणाल्या. "तुमी शिकलेले, तुमाला आत कुनीबी बोलंल. मला हाकलत्यात. त्या फाटकावरच्याला सांगून या, देवराम विधातेची बायको आल्ती म्हनून. लिहून घे म्हनावं."

मी रस्ता ओलांडला. फाटकावर एक तरुण पोलीस होता. मी नाव सांगितलं. त्याने विचारलं, "कुठल्या बराकीतला?" मी म्हणालो, अठ्ठ्याण्णव साली वारला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पलीकडे झाडाखाली पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा, ऊन फार आहे. आजींना घेऊन घरी जा."

परत आलो. त्या उभ्या राहून वाट बघत होत्या.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"लिहून घेतलं त्यानं?"

"घेतलं," मी म्हणालो. "वहीत. तारीख टाकून."

त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्या आधी चालायला लागल्या.

पावणेचारच्या गाडीत खिडकीजवळ बसवलं, कंडक्टरला सांगून ठेवलं. पाटी दोनदा वाचली. पुढच्या गुरुवारी त्या मला पुन्हा फाटकावर पाठवतील. मी जाईन, आणि परत येऊन हेच सांगेन. मी त्यांच्याशी खोटं बोलतोय. हे तुला माझ्याकडून, आजच्या आज कळलं पाहिजे, म्हणून घरी न जाता स्टँडवरच बसून लिहिलंय.

गोविंद